अमरावती-अकोल्यात आर-१५ चालवता? मग टायर बदलायच्या आधी या गोष्टी माहीत पाहिजेत

जून २०२४. अमरावतीत पावसाची पहिली सर येऊन अर्धा तास झाला होता. माझा मामेभाऊ त्याच्या आर-१५ वरून बडनेरा रोडने घरी निघाला होता. स्पीड फार नव्हता, चाळीसच्या आसपास. समोरच्या ऑटोने अचानक ब्रेक मारला, यानेही मारला. मागचं चाक बाजूला सरकलं आणि गाडी आडवी झाली.

हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. पण उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. त्याच महिन्यात १९ तारखेपासून राज्यात पोलीस भरतीची मैदानी चाचणी सुरू होणार होती. दोन वर्षं पहाटे पाचला उठून ग्राउंडवर घाम गाळलेला हा पोरगा त्या चाचणीला हात गळ्यात अडकवून घरी बसला.

घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, "पाऊस होता, घसरली गाडी. नशीब."

पण मला एक गोष्ट खटकत होती. मागचा टायर चारच महिन्यांपूर्वी बदललेला. नक्षी भरपूर शिल्लक होती. मग नवा टायर चाळीसच्या स्पीडला असा कसा सुटला?

मग आम्ही गाडी घेऊन ओळखीच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिक काकांकडे गेलो. त्यांनी टायरवर पाणी मारलं, फडक्याने बाजू पुसली, चष्मा लावला आणि म्हणाले, "राजेहो, टायरवर सारं लिवलेलं असते. पन वाचतच नाही ना बावा कोनी."

त्यांनी तीन गोष्टी दाखवल्या. एक, टायर घेतला होता फेब्रुवारी २०२४ मध्ये, पण तो बनला होता २०१८ साली. दोन, गाडीला १४०/७० साइज लागते आणि बसवला होता १५०/६०, कारण दुकानदार म्हणाला होता, "भाऊ, दीडशेचा टाका, गाडी जबरी दिसते." तीन, हवा होती चाळीस पीएसआय, म्हणजे पाहिजे त्यापेक्षा बरीच जास्त.

या तिघांपैकी गाडी नेमकी कशामुळे घसरली, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. पहिल्या पावसात रस्त्यावर तेल आणि धूळ तरंगते, ते कारणही होतंच. पण या तीनही चुका दुकानात उभं राहून पाच मिनिटांत टाळता आल्या असत्या. ती पाच मिनिटं कशी वापरायची, तेच आज समजून घेऊ.

टायरचं काम नेमकं काय असतं?

तुमची गाडी १५५ सीसीची असो की ३१० ची, रस्त्याला चिकटलेली असते ती फक्त दोन ठिकाणी. प्रत्येक टायरचा तळहातापेक्षाही लहान भाग एका वेळी रस्त्याला टेकलेला असतो. पिकअप, ब्रेक, वळण, एबीएस, जे काही आहे ते सगळं या दोन छोट्या ठिपक्यांतूनच रस्त्यापर्यंत पोहोचतं.

म्हणजे एबीएस कितीही भारी असलं तरी ते चाक लॉक होऊ देत नाही, एवढंच. रबराने रस्ता धरलाच नाही, तर एबीएस बिचारं काय करणार?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ लोक गेले. त्यातले ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. सगळेच काही टायरमुळे गेले नाहीत. पण दुचाकीवर चुकीला माफी किती कमी असते, ते या आकड्यावरून कळतं.

टायर बदलायची वेळ आली, हे कसं ओळखायचं?

सगळ्यात सोपी खूण कंपनीनेच दिलेली असते. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात टी-डब्ल्यू-आय लिहिलेलं असतं किंवा छोटा त्रिकोण असतो. त्या खुणेच्या रेषेत वर, नक्षीच्या खाचेत बघा. तिथे रबराचा एक छोटा उंचवटा दिसेल. टायर घासत घासत त्या उंचवट्याच्या बरोबरीला आला, की त्याचं आयुष्य संपलं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ९४ व्या नियमात दुचाकीच्या नक्षीच्या खोलीसाठी ०.८ मिलिमीटरची मर्यादा आहे. पण पावसाळ्यात तिथपर्यंत थांबूच नका. खाच उथळ झाली की पाणी बाहेर फेकायला जागाच उरत नाही.

दुसरी खूण म्हणजे भेगा. गाडी अंगणात, उन्हात उभी राहत असेल तर टायरच्या बाजूला केसासारख्या बारीक भेगा पडतात. आपल्याकडे हे लवकर दिसतं, कारण मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो. मे २०२४ मध्ये तर उष्णतेच्या लाटेमुळे अकोल्यात जिल्हाधिकाऱ्यांना कलम १४४ लावावं लागलं होतं. माणसाला जे सोसत नाही, ते उन्हात उभ्या रबराला कसं सोसेल?

तिसरी खूण मात्र खास आपल्या भागातली आहे. ती समजायला थोडं मागे जावं लागेल.

विश्वविक्रमी रस्ता आणि चपटा झालेला टायर

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गाचं नाव गिनीज बुकात गेलं, ते आठवत असेल. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर सलग ७५ किलोमीटर लांबीचा एका लेनचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला. ३ जूनला सकाळी काम सुरू झालं आणि ७ जूनला संध्याकाळी संपलं. त्याआधीचा विक्रम कतारमधल्या दोहाचा होता, २५.२७५ किलोमीटरचा.

ज्यांनी त्याआधीचा रस्ता पाहिलाय, त्यांना विचारा. बडनेरा ते मुर्तिजापूर म्हणजे कंबरेची परीक्षा होती. आता रस्ता गुळगुळीत झाला, तशी पोरांची रोजची ये-जा वाढली. कुणी कॉलेजला, कुणी क्लासला, कुणी नोकरीला.

पण हा रस्ता जवळपास सरळ आहे. बाइकचा टायर कारच्या टायरसारखा सपाट नसतो, तो गोलाकार असतो. सरळ चालताना फक्त मधला पट्टा रस्त्याला टेकतो आणि वळणावर गाडी झुकली की कडेचा भाग टेकतो. तुम्ही रोज अमरावती-अकोला सरळ पळवत असाल, तर मधला पट्टाच घासत राहतो. काही हजार किलोमीटरनंतर टायर मध्ये चपटा होतो आणि कडा मात्र नव्यासारख्या राहतात.

महामार्गावर असताना हे कळतच नाही. रविवारी मित्रांबरोबर परतवाड्याकडून चिखलदऱ्याच्या घाटात शिरलात, की कळतं. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे वळणामागून वळण. चपट्या टायरला वळणावर झुकताना मधून कडेवर जाताना एक धार ओलांडावी लागते. गाडी आधी झुकायला कुरकुर करते आणि मग एकदम पडल्यासारखी झुकते. अकोल्याहून वाशीमकडे जाताना पातूरच्या घाटातही तोच अनुभव.

म्हणून नक्षी कितीही शिल्लक असू द्या, मागून बघताना टायर मध्ये सपाट दिसायला लागला, तर घाटात जायच्या आधी तो बदला.

टायरवर लिहिलेलं वाचायचं कसं?

समजा, टायरवर लिहिलंय: १४०/७० आर १७ ६६ एस. आर-१५ च्या तिसऱ्या आणि चौथ्या व्हर्जनचा मागचा टायर याच मापाचा असतो. एकेक भाग बघू.

• १४० म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये.

• ७० म्हणजे टायरच्या बाजूची उंची, पण मिलिमीटरमध्ये नाही. रुंदीच्या किती टक्के, ते हा आकडा सांगतो. १४० चे ७० टक्के, म्हणजे ९८ मिलिमीटर.

• आर म्हणजे रेडियल. तिथे आर ऐवजी आडवी रेघ असेल, तर टायर बायस प्रकारचा. हा फरक पुढे समजून घेऊ.

• १७ म्हणजे रिमचा व्यास, इंचांमध्ये.

• ६६ हा वजनाचा कोड आहे. ६६ म्हणजे ३०० किलो. पुढच्या टायरवर अनेकदा ५२ असतं, म्हणजे २०० किलो.

• एस हा वेगाचा कोड. पी म्हणजे ताशी १५०, एस म्हणजे १८०, एच म्हणजे २१० किलोमीटरपर्यंत तो टायर तग धरतो.

शेवटचं अक्षर बघून "आपल्याला कुठं १८० नं जायचंय" असं म्हणू नका. वेगाचा कोड म्हणजे टायर किती उष्णता झेलू शकतो, याचाही अंदाज असतो. मे महिन्यातल्या दुपारच्या डांबरावर ही गोष्ट महत्त्वाची ठरते. मूळ टायरवर जो कोड आहे, त्याच्या खाली कधीच उतरू नका.

आता सगळ्यात कामाचा कोड. टायरच्या एका बाजूला डी-ओ-टी या अक्षरांनंतर किंवा एका छोट्या लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. मामेभावाच्या टायरवर होतं २३१८. म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा.

"रबर काय नासतं का?" असं आम्हालाही वाटलं होतं. नासत नाही, पण कडक होतं. सावलीत, नीट ठेवलेला टायर काही वर्षं चांगला राहतो. पत्र्याच्या शेडमध्ये पाच उन्हाळे काढलेल्या टायरची गोष्ट वेगळी. नख दाबून बघा, ताज्या रबरात थोडं रुततं. मिशलिनसारख्या कंपन्या सांगतात की टायर पाच वर्षं वापरून झाल्यावर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि बनल्यापासून दहा वर्षं झाली की दिसायला कसाही असो, काढून टाकावा.

घेताना साधा नियम ठेवा. नव्याचे पैसे देताय ना, मग टायर गेल्या वर्षभरातला मागा. नसेल तर दुसरं दुकान बघा.

एक साइज मोठा टाकला तर बिघडतं काय?

हा प्रश्न सगळ्यांचा असतो. जाड टायर दिसायला भारी वाटतो, हे मान्य. पण गणित करून बघा.

मूळ १४०/७० टायर: १७ इंच म्हणजे ४३१.८ मिलिमीटर रिम, वर-खाली ९८-९८. एकूण व्यास ६२७.८ मिलिमीटर.

त्याऐवजी १५०/६० टाकला, तर १५० चे ६० टक्के म्हणजे ९०. एकूण व्यास ६११.८ मिलिमीटर.

म्हणजे टायर रुंद झाला, पण उंचीला १६ मिलिमीटरने लहान झाला. गाडीची मागची बाजू ८ मिलिमीटर खाली बसली. स्पोर्ट बाइकचा पुढचा आणि मागचा तोल ठरवताना इंजिनियर एकेक मिलिमीटर मोजतात, तो तोल आपण बदलून टाकला. पाठ खाली गेली की गाडी वळायला सुस्त होते.

शिवाय चाकाचा घेर अडीच टक्क्यांनी कमी झाला. ड्युअल चॅनल एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल असलेल्या गाड्या पुढच्या आणि मागच्या चाकाच्या वेगाची सतत तुलना करत असतात. चाकांची मापं बदलली, की त्या तुलनेचा पायाच बदलतो.

उलट १५०/७० टाकला, तर व्यास होतो ६४१.८. म्हणजे १४ मिलिमीटर जास्त. मग चेन आणि मडगार्डला घासायची भीती.

तिसरी गोष्ट रिमची. टायर रिमपेक्षा फार रुंद असेल तर दोन्ही बाजूंनी आवळला जातो आणि मध्ये फुगतो. रस्त्याला टेकणारा भाग वाढायच्या ऐवजी कमी होऊ शकतो. ज्यासाठी पैसे मोजले, तेच मिळालं नाही.

म्हणून मूळ साइज लक्षात ठेवा:

• यामाहा आर-१५ व्हर्जन २: पुढे ९०/८०-१७, मागे १३०/७० आर १७

• यामाहा आर-१५ व्हर्जन ३ आणि ४: पुढे १००/८०-१७, मागे १४०/७० आर १७

• सुझुकी जिक्सर एसएफ: पुढे १००/८०-१७, मागे १४०/६० आर १७

• बजाज पल्सर आरएस २०० (२०२५ च्या आधीचं मॉडेल): पुढे १००/८०-१७, मागे १३०/७०-१७

• केटीएम आरसी २००: पुढे ११०/७० १७, मागे १५०/६० १७

गाडी सेकंड हॅन्ड घेतली असेल, तर आधीच्या मालकाने काय बसवलंय यावर विश्वास ठेवू नका. मॅन्युअल उघडा किंवा गाडीवरचं टायरचं स्टिकर बघा.

रेडियल की बायस?

टायरच्या रबराखाली धाग्यांचे थर असतात. बायस टायरमध्ये हे धागे तिरके, एकमेकांवर आडवे-उभे टाकलेले असतात, खाटेच्या विणीसारखे. रेडियलमध्ये धागे टायरच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जातात आणि त्यावर गोल पट्टा असतो.

याने होतं काय? बायस टायरच्या बाजू कडक असतात. खड्डे आणि वजन तो चांगलं सोसतो, किमतीला स्वस्त पडतो, पण जास्त तापतो. रेडियलच्या बाजू लवचीक असतात, त्यामुळे रस्त्याला टेकणारा भाग जागेवर राहतो, टायर कमी तापतो आणि जास्त वेगात गाडी स्थिर वाटते.

आर-१५ ला कंपनीनेच पुढे बायस आणि मागे रेडियल दिलाय. तो जोड चालतो. पैसे वाचवायला मागे बायस टाकून पुढे रेडियल ठेवणं, हा उलटा जोड मात्र करू नका.

सॉफ्ट की हार्ड?

दुकानात गेलात की हा शब्द कानावर पडणारच. सॉफ्ट कंपाउंड म्हणजे मऊ रबर. रस्ता घट्ट धरतं, पण लवकर झिजतं. हार्ड कंपाउंड जास्त चालतं, पण ओल्या रस्त्यावर आणि वळणावर पकड कमी. काही टायर ड्युअल कंपाउंड असतात, मध्ये कडक आणि कडेला मऊ.

आता आपला भाग डोळ्यांसमोर आणा. आठ महिने कोरडा रस्ता, त्यातले तीन महिने भट्टीसारखं ऊन. मग पावसाळा. पेरणीच्या दिवसांत शेतातून निघालेले ट्रॅक्टर काळ्या मातीचे लोंदे डांबरावर टाकत जातात. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि साबणासारखी होते, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. त्या मातीवर कुठलाच रोड टायर चालत नाही, सॉफ्ट नाही आणि हार्डही नाही. तिथे एकच इलाज, स्पीड कमी करणं आणि पुढचा ब्रेक हळू दाबणं.

मग कुणी काय घ्यावं?

रोज महामार्ग करणारे. अमरावती-अकोला किंवा अकोला-अकोट, महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर. तुम्हाला मध्ये कडक रबर असलेला ड्युअल कंपाउंड किंवा मध्यम कंपाउंडचा रेडियल बरा. पूर्ण सॉफ्ट घेतला, तर मधला पट्टा लवकर चपटा होईल.

शहरात चालवणारे. राजकमल चौक ते पंचवटी किंवा टॉवर चौक ते जठारपेठ, एवढीच गाडी फिरते. तुम्हाला वेगापेक्षा ओल्या रस्त्यावरची पकड आणि खड्डे सोसण्याची ताकद लागते. नक्षीत पाणी काढणाऱ्या खोल, लांब खाचा असलेला मध्यम टायर घ्या. फार गुळगुळीत, रेसिंगसारखी नक्षी टाळा.

घाटवाले. दर महिन्याला चिखलदरा, सेमाडोह, हरिसाल. तुम्ही सॉफ्ट रेडियल घ्यायला हरकत नाही. लवकर बदलावा लागेल, हे आधीच धरून चला.

खर्चाचं गणित पण करा. समजा, साडेचार हजारांचा टायर १५ हजार किलोमीटर चालला, तर किलोमीटरला ३० पैसे पडले. साडेतीन हजारांचा टायर २० हजार चालला, तर साडेसतरा पैसे. फरक साडेबारा पैशांचा. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याला १२५ रुपये. आमच्या मामेभावाच्या प्लास्टर, एक्स-रे आणि गाडीच्या कामाचा खर्च या हिशेबात धरला, तर कुठला टायर महाग पडला ते तुम्हीच ठरवा.

कंपनी कोणती घ्यावी?

एकच नाव सांगून मोकळं होता येत नाही. एमआरएफ, सिएट, अपोलो, जेके आणि टीव्हीएस युरोग्रिप, सगळ्यांकडे १७ इंची स्पोर्ट बाइकचे टायर आहेत. सिएटचा दुचाकी टायरचा कारखाना तर आपल्या विदर्भातच आहे, नागपूरजवळ बुटीबोरीला. कंपनीच्या नावापेक्षा त्या टायरचा कंपाउंड, कोड आणि तारीख बघा. एकाच कंपनीचे दोन टायर एकदम वेगळ्या स्वभावाचे असू शकतात.

"मिशलिन किंवा पिरेलीच टाकायचा" असं ठरवलं असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. जून २०२० मध्ये सरकारने नव्या टायरची आयात मुक्त यादीतून काढून परवान्याखाली आणली. तेव्हापासून बाहेरून येणाऱ्या टायरचं काही खरं राहिलं नाही. म्हणून कुणी "इम्पोर्टेड माल, एकच पीस शिल्लक" म्हणालं, की आधी तारखेचे चार आकडे बघा आणि आयएसआय मार्क बघा. भारतात विकल्या जाणाऱ्या दुचाकी टायरवर आयएस १५६२७ या मानकाचा आयएसआय शिक्का बंधनकारक आहे.

भावाबद्दल अजून एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. म्हणजे करापूर्वी चार हजारांचा टायर आधी ५१२० ला पडायचा, आता ४७२० ला. पक्कं बिल मागा. त्यावर १८ टक्केच लागलाय ना, ते बघा. पुढे टायरमध्ये दोष निघाला तर वॉरंटीसाठी हेच बिल लागतं.

दुकानात उभं राहून काय बघायचं?

एक, टायर रिमवर चढायच्या आधी साइज आणि तारीख स्वतः वाचा. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

दोन, टायरवर बाणाची खूण असते. चाक ज्या दिशेने फिरतं, बाण त्याच दिशेला पाहिजे. घाईत उलटा बसवलेला टायर पावसात पाणी बाहेर फेकायच्या ऐवजी आत ओढतो.

तीन, टायरबरोबर ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह पण नवा टाका. काही रुपयांची गोष्ट आहे. जुना व्हॉल्व्ह मुळाशी चिरला, की चालत्या गाडीतून हवा जाते.

चार, चाकाचं बॅलन्सिंग करून घ्या. ऐंशीच्या वर हँडल थरथरत असेल, तर अनेकदा कारण हेच असतं.

पाच, घासलेल्या टायरवर पुन्हा खाचा कोरून किंवा नवी साल चढवून विकलेला टायर घेऊ नका. रस्त्याकडेला स्वस्तात मिळतो, वरून चकचकीत काळा दिसतो. कोरलेल्या टायरमध्ये खाचेखाली रबरच उरलेलं नसतं.

सहा, नायट्रोजनसाठी वेगळे पैसे द्यायची गरज नाही. आपल्या साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो.

हवा किती आणि कधी?

हा विषय आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित. हवा तापली की दाब वाढतो. तीस पीएसआयच्या आसपास असलेल्या टायरचं तापमान दहा अंशांनी वाढलं, की दाब साधारण दीड पीएसआय वाढतो. म्हणजे अकोल्यात डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांवर भरलेली हवा आणि मेच्या दुपारचे ४५ अंश, यात पाच पीएसआयचा फरक सहज पडतो.

म्हणून हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. दुपारी मुर्तिजापूरला थांबून दाब जास्त दिसला म्हणून हवा कमी करू नका. रात्री टायर थंड झाला की दाब पाहिजे त्यापेक्षा खाली जाईल.

आणि "भाऊ, चाळीस मारून देतो, मायलेज वाढते" असं कुणी म्हणालं, तर नाही म्हणा. जास्त हवेने टायर फुगतो, रस्त्याला टेकणारा भाग अजून लहान होतो आणि मधला पट्टा अजून लवकर घासतो. एकटे असताना किती आणि मागे कुणी बसलं असताना किती, दोन्ही आकडे गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेले असतात. तेच पाळा.

नवा टायर टाकल्यावर पहिले दीडशे किलोमीटर सबुरीने घ्या. साच्यातून निघालेल्या नव्या रबराची वरची साल गुळगुळीत असते, ती घासून निघेपर्यंत पूर्ण पकड येत नाही. नवा टायर टाकून त्याच दिवशी चिखलदरा गाठायचा बेत असेल, तर एक आठवडा पुढे ढकला.

शेवटी मामेभावाचं काय झालं?

मनगट बरं झालं. तो पुन्हा पहाटे ग्राउंडवर जायला लागला. गाडीला मूळ १४०/७० चा टायर टाकला, तोही तारीख वाचून. तीन महिन्यांपूर्वीचा होता.

परवा त्याचा मित्र टायर घ्यायला निघाला होता, तर हा त्याच्याबरोबर दुकानात गेला. दुकानदार टायर चढवायला लागणार, तेवढ्यात हा खाली बसला आणि मोबाइलचा टॉर्च लावून टायरची बाजू वाचायला लागला. दुकानदार हसला, म्हणाला, "काय पायतं रे भाऊ इतकं?"

हा म्हणाला, "वय पायतो."

तुम्हीही आज गाडी बाहेर काढाल, तेव्हा एकदा खाली बसा. टॉर्च लावा. ते चार आकडे वाचा.